पंचाहत्तरीआधीची कुजबुज

३ मार्च, मंगळवार

आजपासून सगळं लिहून ठेवायचं ठरवलं आहे. पुढे कुणी 'असं काही झालंच नव्हतं' म्हणालं, तर तारखेसकट काहीतरी हातात असावं.

घरात कुजबुज सुरू झाली आहे.

कुजबुजीतलं मला कळतं. दिवसा नकाशे काढायच्या खात्यात नोकरी केली ती पोटासाठी; संध्याकाळी एक्केचाळीस वर्षं नाटकाच्या विंगेत संहिता हातात धरून उभा राहिलो. प्रॉम्प्टर. नट अडला की पुढचं वाक्य त्याच्या कानात पडेल, पण पहिल्या रांगेतल्या माणसाला कळणार नाही, एवढ्याच आवाजात सांगायचं. तेव्हा कोण कुणापासून चोरून बोलतंय, हे मला कुणी शिकवू नये.

मुलगी शाळेत शिकवते. दोन गल्ल्या सोडून राहते आणि मंगळवारी-शुक्रवारी शाळा सुटली की येते. आज आली ती थेट स्वयंपाकघरात, आईकडे. मी पॅसेजमध्ये चपलांचं कपाट लावत होतो. (लावत नव्हतो. उभा होतो.) मुलगी म्हणाली, ''बाबांना पाठवून देऊ. पंचाहत्तरीच्या आत.''

ही काहीतरी पुटपुटली. मी आत गेलो, तर दोघी गप्प. हिने ओटा पुसायला घेतला. ओटा स्वच्छ होता.

अठ्ठावीस तारखेला मला पंचाहत्तर पूर्ण होतात. पाठवून देऊ म्हणजे कुठे?

४ मार्च, बुधवार

बारीकसारीक गोष्टीही नोंदवून ठेवतो.

गेले काही महिने आमच्या दारावरची बेल कुणी वाजवत नाही. माणसं दारात नुसती उभी राहतात आणि मी सहज दार उघडलं की म्हणतात, ''तीनदा वाजवली.'' पोस्टमन, इस्त्रीवाला, झाडून सगळे. सगळ्यांनी एकच वाक्य पाठ केलंय.

टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्यांना हल्ली तोंड उघडून बोलायचा कंटाळा येतो. मी आवाज वाढवला, तर खालच्या मजल्यावरच्या बाईंनी चिठ्ठी पाठवली: 'कृपया आवाज कमी करावा, आम्हाला आमचा टीव्ही ऐकू येत नाही.' अक्षर सुंदर आहे. हेतू मात्र सरळ दिसत नाही.

आज मोबाइलवर कसलासा अर्ज भरायचा होता. जन्मवर्ष निवडा म्हणाला. अंगठ्याने वर्षं खाली सरकवत गेलो. मुलीचं वर्ष गेलं, माझ्या लग्नाचं गेलं, मग नुसतेच आकडे पळायला लागले. माझं वर्ष येईपर्यंत अंगठा दुखला. तिथे पोचलो तेव्हा खाली फारसं काही उरलं नव्हतं. एकटाच हसलो. ही म्हणाली, ''काय झालं?'' मी म्हणालो, ''काही नाही.'' त्या मला काही सांगत नाहीत, तर मीही सांगणार नाही.

६ मार्च, शुक्रवार

आज जास्त कळलं. मुलगी आली होती. यावेळी मी खुर्चीत डोळे मिटून पडलो, म्हणजे त्यांना वाटेल झोपलेत. शब्द तुटक आले, पण आले.

मुलगी: ''...दानाचं पत्र...''

ही: ''तयार व्हायचे नाहीत.''

मुलगी: ''दोन वर्षं झाली आई. ऐकून घेतच नाहीत ते.''

दानाचं पत्र! म्हणजे हे घर. आधी घर लिहून घ्यायचं आणि मग पाठवून द्यायचं. हे घर मी नकाशाखात्यातल्या बत्तीस वर्षांच्या पगारातून घेतलं. खिडकीतून समोर पाण्याची टाकी दिसते, दुसरं काही नाही. पण टाकी माझ्या खिडकीतून दिसते.

आणि मी ऐकून घेत नाही? मी? दुसऱ्यांची वाक्यं ऐकण्यात ज्याचं आयुष्य गेलं, तो?

पोटची पोर आहे. लहानपणी विंगेत माझ्या पायाशी गोधडीवर झोपायची.

७ मार्च, शनिवार

घराची कागदपत्रं कपाटातून काढली. ठेवायची कुठे? ही साफसफाईत जमिनीखालचंसुद्धा शोधून काढते. शेवटी माझ्या जुन्या राखाडी कोटाचं अस्तर उसवलं, कागद आत सरकवले आणि चार टाके घातले. हिने आयुष्यभर नाटकवाल्यांचे पोशाख शिवले, मी नुसता बघत आलो. तरी टाके बरे पडले. आता कोट अंगावरच ठेवणार. उकडतं. पण सुरक्षित आहे आणि कुणाला पत्ता नाही.

संध्याकाळी मुलगी मुद्दाम येऊन गेली. मी खोलीत इकडून तिकडे गेलो की दोघी एकमेकींकडे बघायच्या. ''बाबा, कोटात काय वाटतंय?'' मी म्हणालो, ''छान वाटतंय. थंडी आहे.''

दोघी पंख्याखाली बसल्या होत्या.

१० मार्च, मंगळवार

आमची नाटकमंडळी एक जुनं नाटक पुन्हा उभं करतेय. एक म्हातारा राजा युद्ध जिंकून परत येतो आणि त्याच्याच राजवाड्याचं दार उघडायला कुणी येत नाही, असं नाटक आहे. प्रयोग अठ्ठावीसला, दुपारी चारला. बरोबर माझ्याच वाढदिवशी. योगायोग म्हणतात. बघू.

राजाच्या कामाला सम्राट आहे. हे त्याचं खरं नाव नव्हे. विम्याच्या ऑफिसात खाली मान घालून फायली लिहिल्या आणि संध्याकाळी मुकुट चढवला, म्हणून आम्ही त्याला सम्राट म्हणतो. तो मला पुस्तक्या म्हणतो. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे, पण आवाज असा, की मागच्या भिंतीवरून परत येतो. साऱ्या मंडळीत तो एकटाच अजून स्पष्ट बोलतो. बाकीची हल्लीची मुलं मनातल्या मनात अभिनय करतात.

तालमीनंतर बागेत बाकावर बसलो. मी सगळं सांगून टाकलं. ''सम्राट, मला घरातून काढणार आहेत.''

तो माझ्याकडे बघत राहिला. मग गरजला, ''उत्तम! मीही येतो!''

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कारण विचारलं नाही, कुठे ते विचारलं नाही. आज असा मित्र कुणाला आहे?

१४ मार्च, शनिवार

तालमीत भलतंच घडलं.

राणीचं काम करणारी मुलगी नवीन आहे. दुसऱ्या प्रवेशात ती थांबली. बोट माझं वाक्यावर होतं. एक श्वास वाट पाहिली, दोन पाहिली आणि दिलं वाक्य. तिने वळून माझ्याकडे पाहिलं. पुढे पुन्हा थांबली, पुन्हा दिलं. असं चारदा झालं. चौथ्या वेळी ती मंचाच्या कडेशी आली आणि ओरडली, ''काका, ते वाक्य मी बोलले होते! चारही वेळा बोलले होते!''

रागावली की बाई किती स्पष्ट बोलते!

बाकीचे हसले. मी म्हणालो, ''पुस्तकावर बोट आहे माझं. बोलली असतीस तर ऐकलं असतं.'' ती रडायला लागली. मला वाईट वाटलं, पण खोट्याला खोटं म्हणायला नको का?

मग दिग्दर्शिकेने मला बाजूला घेतलं. जेमतेम पस्तिशीची असेल, पण माणसं सांभाळणारी आहे. माझ्या हातावर हात ठेवून बराच वेळ हळुवारपणे काहीतरी बोलत होती. मागे सेटवाल्यांची ठोकाठोक चाललेली. ती बोलताना इतक्या भल्या चेहऱ्याने बघत होती, की मी मान डोलावली. दोनदा. तिने माझा हात दाबला.

काय म्हणाली ते साधारण लक्षात आलं. माझं कौतुकच होतं बहुधा.

१७ मार्च, मंगळवार

कौतुक नव्हतं.

पाच वाजता तालमीला पोचलो, तर विंगेतल्या माझ्या स्टुलावर दुसरंच कुणी बसलेलं. चष्मेवाली एक मुलगी, हातात माझी संहिता आणि तोंडाशी बोटाएवढा माइक. सम्राटाच्या कानात म्हणे शेंगदाण्याएवढं एक यंत्र बसवणार. ती इकडे पुटपुटणार आणि त्याला तिकडे ऐकू येणार.

मी म्हणालो, ''उठा.''

दिग्दर्शिका धावत आली. मला तिचं काही कळेना, म्हणून मी आवाज चढवला, मग तिनेही चढवला. ''काका, शनिवारी मी तुम्हाला विचारलं! म्हटलं, या प्रयोगाला तुम्ही विंगेत उभं राहू नका, पहिल्या रांगेत बसा, पाहुणे म्हणून. चालेल ना, विचारलं. तुम्ही मान डोलावलीत!''

''मी डोलावली नाही.''

''दोनदा डोलावलीत.''

सगळी मंडळी बघत होती. मी सम्राटाकडे पाहिलं. तो उंच मुकुट घालून उभा होता आणि शांतपणे हसत होता, जणू मंचावर काही घडतच नाही. एवढी वर्षं ज्याच्या तोंडात मी शब्द घातले, त्याला माझ्यासाठी एक शब्द काढवला नाही.

पायी घरी आलो. कोटात घामाने चिंब झालो. इकडे घरचे पाठवून देणार, तिकडे मंडळी उठवून लावणार. पंचाहत्तरी कशाला म्हणतात ते आता कळलं. सगळीकडून एकाच वेळी नोटीस येते.

२० मार्च, शुक्रवार

आज सोक्षमोक्ष लावला. जसं झालं तसं लिहितो, माझी बाजू लंगडी पडली तरी.

मुलगी आली. दोघी स्वयंपाकघरात गेल्या. मी सरळ आत जाऊन म्हणालो, ''हे घर मी कुणाला लिहून देणार नाही. मला कुठेही पाठवलंत तरी देणार नाही. कागद तुम्हाला सापडणार नाहीत.''

मुलगी म्हणाली, ''कोटात आहेत ते?''

मी खाली बसलो.

''बाबा, तुम्ही चाललात की कोट पापडासारखा वाजतो. पंधरा दिवस ऐकतोय आम्ही.'' हे ती अगदी जवळ येऊन, तोंड माझ्यासमोर धरून बोलली. ''पण घराचं काय? कुणाला हवंय घर?''

''दानाचं पत्र,'' मी म्हणालो. ''मी ऐकलंय. सहा तारखेला. तारीख लिहून ठेवलीये.''

मुलीचे ओठ हलले. तिने ते शब्द दोनदा स्वतःशी म्हणून पाहिले. मग पर्समधून शाळेची वही काढली आणि फळ्यावर लिहितात तशा मोठ्या अक्षरांत लिहून वही माझ्यासमोर धरली.

कानाचं यंत्र.

खाली आणखी लिहिलं: बाबांना डॉक्टरांना दाखवून घेऊ. पंचाहत्तरीच्या आत.

त्याखाली, जरा थांबून: त्यांना ऐकू येत नाही.

मी तीनदा वाचलं. पाठवून आणि दाखवून. ऐकून घेत नाहीत आणि ऐकू येत नाही. अक्षरं बघितली की किती वेगळी दिसतात.

ही ओट्याला टेकून हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, पदर तोंडात धरून. खांदे हलताना दिसत होते, आवाज काही येत नव्हता. हिचं हसणं शेवटचं कधी ऐकलं, ते आठवेना.

तरी मी म्हणालो, ''हे तुम्ही आत्ता जुळवलंय.''

मुलगी म्हणाली, ''मग सोमवारी चला आणि आम्हाला खोटं पाडा.''

२३ मार्च, सोमवार

त्यांना खोटं पाडायलाच गेलो होतो.

कान तपासणाऱ्या बाईंनी मला काचेच्या एका खोलीत बसवलं, डोक्यावर हेडफोन चढवले आणि हातात बटण दिलं. शिट्टी ऐकू आली की दाबायचं. मी ठरवलं, एकही सुटू द्यायची नाही. सुरुवातीला काही आल्या. मग बराच वेळ काहीच येईना, पण शिट्ट्यांची लय माझ्या लक्षात आली होती. त्या लयीत बटण दाबत राहिलो. वाक्य न ऐकताही कुठे पडायचं, ते एक्केचाळीस वर्षांत अंगात भिनतंच.

बाहेर आल्यावर बाईंनी कागद पुढे केला. त्यावर एक रेघ होती. सुरुवातीला बरी चालत येते आणि मग जिन्यावरून घसरल्यासारखी खाली जाते. त्या मोठ्याने म्हणाल्या, ''आजोबा, मी काहीच वाजवत नव्हते तेव्हा तुम्ही अकरा वेळा बटण दाबलंत.''

मुलीने तोंड फिरवलं. खांद्यांवरून ओळखलं, हसतेय.

बाईंनी समजावलं. जाड आवाज, गडगडाट मला येतो. बारीक आवाज, शब्दांच्या कडा येत नाहीत, त्यामुळे एक शब्द दुसऱ्यासारखा वाटतो. दोन वर्षांपासून तरी असेल. ''घरच्यांनी सांगितलं नाही?''

''सांगितलं,'' मुलगी म्हणाली. ''त्यांना ऐकू आलं नाही.''

२६ मार्च, गुरुवार

यंत्रं बसली, दोन्ही कानांत. कानामागे झुरळ बसल्यासारखी दिसतात.

आधी वाटलं, जग बिघडलंय. दवाखान्याच्या फरशीवर माझे बूट करकरत होते. कागद उलटला तर फाटल्यासारखा आवाज. घरी येऊन नळ उघडला आणि दचकलो. आणि उठलो तर कोट! एका पावलाला मूठभर कागद चुरडल्यासारखा वाजला. हे घेऊन मी पंधरा दिवस हेरगिरी केली. टाके उसवले आणि कागद कपाटात ठेवले. हिने ते टाके उजेडात धरून पाहिले. तेवढं पुरे होतं.

सगळ्यात वाईट म्हणजे माझाच आवाज. ''मी असा ओरडून बोलतो?'' मी विचारलं.

''दोन वर्षं,'' ही म्हणाली. हळूच म्हणाली आणि मला कळलं.

मग जेवताना हिला विचारलं, ''या दोन वर्षांत तू काय काय बोललीस, जे मला आलंच नाही?''

ही म्हणाली, ''रोजचंच. तीनदा जोरात भांडले. तुम्ही मान डोलावलीत, मग भांडण कसं चालणार?'' जरा वेळाने म्हणाली, ''एकदा म्हणाले होते, मला रात्री भीती वाटते. माझ्या बहिणीच्या ऑपरेशनच्या वेळी. तुम्ही म्हणालात, हो, घाल थोडं जास्त.''

मी घास ताटात ठेवला. हिने आमटी पुढे सरकवली. ''बहीण बरी आहे आता,'' म्हणाली. ''जेवा.''

इतके दिवस वाटत होतं, यांनी मला बाहेर ठेवलंय.

२७ मार्च, शुक्रवार

राणीची माफी मागायला तालमीला गेलो. तिचा प्रवेश मागच्या रांगेत बसून ऐकला. आवाज खणखणीत आहे पोरीचा. एकही वाक्य खाल्लं नाही. नंतर जाऊन म्हणालो, ''बाळ, माझं चुकलं.'' तिने माझ्या कानांकडे पाहिलं आणि म्हणाली, ''काका, मला वाटायचं मी इतकी वाईट बोलते, की तुम्हाला राहवत नाही.'' म्हणजे तिचा संशय वेगळाच होता. बरं झालं गेलो.

दिग्दर्शिका कपाळाला हात लावून बसली होती. सम्राटाच्या कानातलं यंत्र चालत नव्हतं. ''हे तिसरं,'' ती म्हणाली. ''दर वेळी काढून टाकतात. म्हणतात, यात कुणी बोलतच नाही.'' मी ते माझ्या कानाशी धरलं. आत चष्मेवाली व्यवस्थित बोलत होती, शब्द न् शब्द. सम्राटाला मोठेपणा आडवा येत असेल, असं वाटलं. कुणाच्या हातचं बाहुलं व्हायला त्याला कधीच आवडलं नाही.

तेवढ्यात तो स्वतःच गरजत आला. ''पुस्तक्या विंगेत नसेल, तर मी मंचावर नाही!''

दिग्दर्शिकेने माझ्याकडे पाहिलं. ''जमेल काका? आता?''

''आता ऐकून हो म्हणतोय,'' मी म्हणालो.

२८ मार्च, शनिवार

पंचाहत्तर पूर्ण.

सकाळी मुलीने केक आणला. वर एकच मेणबत्ती. ''पंचाहत्तर लावल्या असत्या तर खालच्या बाईंनी पुन्हा चिठ्ठी पाठवली असती,'' म्हणाली. हे वाक्य मला पहिल्याच वेळी कळलं, म्हणून इतका हसलो, की तिलाच शंका आली.

चारला पडदा उघडला. प्रेक्षागृह भरलेलं. ही आणि मुलगी तिसऱ्या रांगेत. मी माझ्या स्टुलावर, संहिता मांडीवर. पहिले दोन प्रवेश सुरेख झाले.

तिसऱ्यात राजा बंद दारासमोर उभा राहतो. सम्राट गरजला, ''दार उघडा! मी जिंकून आलोय!'' पुढचं वाक्य: 'मी राज्य मागायला आलेलो नाही.'

तो थांबला.

नट थांबतो आणि अडतो यांत फरक असतो. थांबलेला श्वास धरून ठेवतो, अडलेला श्वास घेत राहतो. बारा फुटांवरून मला त्याचे श्वास ऐकू आले. एक, दोन, तीन. अडला होता.

मी वाक्य दिलं. नेमकं, माझ्या हिशेबाने त्याच्यापर्यंत जाईल एवढं.

काही नाही.

पुन्हा दिलं, चढ्या आवाजात. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थाने विंगेकडे पाहिलं. सम्राट हलला नाही. तिसऱ्यांदा दिलं तेव्हा निम्म्या प्रेक्षागृहाने ऐकलं असेल. चौथ्या रांगेतून एक बाई न राहवून म्हणाल्या, ''राज्य मागायला नाही!'' हशा पिकला.

सम्राटाने वळून माझ्याकडे पाहिलं. मुकुटाखालचा चेहरा पांढरा पडला होता आणि नजर माझ्या ओठांवर होती. डोळ्यांवर नव्हे, ओठांवर. मी ज्या नजरेने दोन वर्षं लोकांकडे बघत होतो, ती नजर.

तेव्हा मला कळलं. तो स्पष्ट बोलत नव्हता. तो मोठ्याने बोलत होता, माझ्यासारखाच. आणि त्याला कुणाचं काही येत नव्हतं, कानातल्या शेंगदाण्याचंही नाही. नट माणूस, म्हणून कुणाला कळू दिलं नाही.

एक्केचाळीस वर्षांत मी कधी विंगेची रेघ ओलांडली नव्हती. आज उठलो आणि संहिता हातात घेऊन, चष्मा नाकावर, तसाच राखाडी कोटात उजेडात गेलो. त्याच्यासमोर उभा राहून लवलो आणि तोंड त्याच्याकडे करून सावकाश म्हणालो, ''महाराज, आपण राज्य मागायला आलेला नाहीत.''

त्याने माझे ओठ वाचले. छाती वर आली. मग त्याने एक हात प्रेक्षकांकडे केला आणि दुसरा माझ्या खांद्यावर ठेवून गरजला, ''मोठ्याने बोला, प्रधानजी! प्रजेला ऐकू गेलं, आम्हालाच नाही!''

प्रेक्षागृह असं हसलं, की मला यंत्रांचा आवाज कमी करावा लागला. पुढचा सगळा प्रवेश मी त्याच्यासमोर उभा राहून वाक्य सांगितलं आणि त्याने ते राजासारखं म्हटलं. शेवटी दार उघडलं नाही तेव्हा कुणी हसलं नाही. त्याने माझा खांदा घट्ट धरून ठेवला होता. ते बाहेर कुणाला दिसलं नसेल.

दिग्दर्शिका म्हणाली, असा प्रधान मूळ नाटकात नाही. पुढच्या प्रयोगापासून आहे.

२९ मार्च, रविवार

सकाळी सम्राट घरी आला. बायको गेल्यापासून तो एकटा राहतो. रविवारी चहा आमच्याकडे. खुर्चीत ताठ बसला.

हिने चहा आणला आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, ''साखर किती घालू?''

''अठ्ठ्याहत्तर,'' सम्राट म्हणाला. ''ऑगस्टात एकोणऐंशी पूर्ण होतील.''

हिच्या हातात चमचा तसाच राहिला. मग ही हसली. बारीक हसणं, शेवटी शीळ वाजल्यासारखं. मला वाटलं, उठून हिला म्हणावं, पुन्हा हस. पण पाहुणा होता.

सम्राट दोघांकडे आळीपाळीने बघत होता. विनोद कुठला ते त्याला कळेना आणि हसण्यात तर मागे राहायचं नव्हतं, म्हणून तोही हसला. मी कागदावर लिहिलं: 'तुला ऐकू येत नाही. मंगळवारी साडेदहाला माझ्याबरोबर चल. बाई चांगल्या आहेत. न वाजता बटण दाबू नकोस, पकडतात.' आणि पुढे सरकवलं.

त्याने चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं. कागदाची घडी घातली, उलगडली. मग, मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नाही अशा आवाजात, जवळजवळ कुजबुजत म्हणाला, ''पुस्तक्या, काल नुसतं ऐकू आलं नाही असं नाही रे. वाक्यच नव्हतं आत. हल्ली नसतात. यंत्र लावलं की वाक्यं परत येतील?''

मी खुर्ची ओढून त्याच्या अगदी समोर बसलो.

''नाही,'' मी म्हणालो. ''पण मी सांगितलेली ऐकू येतील.''

तो माझ्या ओठांकडे बघत राहिला. मग मान डोलावली. मी म्हणालो, ''काय म्हणालो मी?''

''तू सांगशील, म्हणालास.''

''बरोबर.''

त्याने कप उचलला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. ''वहिनी,'' तो इतक्या मोठ्याने म्हणाला, की खालच्या बाईंनाही कळलं असावं, ''किती साखर घातलीत?''